पंधरा वर्षांची मुभा

मुंबईत एखाद्या चौकात लाल दिव्यापाशी काळीपिवळी टॅक्सी आणि तिच्या शेजारी कुणा सद्गृहस्थाची चकचकीत खाजगी मोटार अशा दोन गाड्या उभ्या राहिल्या, तर त्यांतली अधिक निर्धोक कोणती, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक पाहणारे त्यांच्या रंगावरूनच देतील. टॅक्सीचा पत्रा ठिकठिकाणी पोचलेला, गाद्या मळलेल्या, दारे लावताना आपटावी लागणारी. उलट खाजगी गाडी दर रविवारी धुतलेली, आत सुवासिक कुपी टांगलेली आणि समोर गणपतीची छोटी मूर्ती बसवलेली. परंतु सरकारी दफ्तराचा दाखला पाहू गेल्यास गोष्ट उलटी आहे. प्रवासी किंवा माल भाड्याने वाहून नेणाऱ्या गाडीला मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५६ व्या कलमान्वये योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षाला ते नवे करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी ती तपासणीला, म्हणजे चालकमंडळींच्या भाषेत ‘पासिंग’ला, न्यावी लागते. खाजगी मोटारीला मात्र एकदा नोंदणी झाली की पंधरा वर्षांची मुदत मिळते. ती संपल्यावर नोंदणीचे नूतनीकरण पाच पाच वर्षांसाठी होते व त्या वेळी गाडी तपासली जाते हे खरे. तथापि तोपर्यंतच्या सव्वा तपाच्या काळात तिच्या ब्रेकला, टायरला किंवा स्टीअरिंगला कोणा जाणत्या माणसाचा हात लागलाच पाहिजे, असे बंधन कोणत्याही नियमाने घातलेले नाही.

ही मुभा कायद्याने डोळे मिटून दिली आहे असे मात्र नव्हे. त्याच अधिनियमाचे १९० वे कलम सदोष गाडी रस्त्यावर आणणाऱ्याविषयी आहे, आणि त्याची शब्दयोजना मोटारमालकांनी लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. चालवणाऱ्याला जो दोष ठाऊक होता, तेवढ्यापुरतेच ते कलम थांबत नाही. सामान्य दक्षता बाळगली असती तर जो दोष त्याला कळून आला असता, त्याचीही जबाबदारी ते त्याच्याच शिरावर टाकते. असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ‘मला कल्पनाच नव्हती’ ही सबब, जी आपण मिस्त्रीपुढे, पोलिसापुढे आणि घरच्यांपुढेही सहजपणे सांगतो, ती येथे पुरी पडत नाही. विम्याच्या करारातही याच अर्थाची एक अट बारीक अक्षरांत छापलेली असते: गाडी कार्यक्षम स्थितीत राखण्यासाठी विमेदाराने सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत. सारांश, या पंधरा वर्षांत निरीक्षकाची जागा सरकारने रिकामी ठेवलेली नाही. त्या जागी मालकाचीच नेमणूक करून ठेवली आहे, आणि पुष्कळ मालकांना आपल्या नेमणुकीचा हुकूम अद्याप पोचलेला नाही, इतकेच.

यंत्राच्या मालकानेच यंत्राची तपासणी मनावर घ्यावी, ही कल्पना मोटारीपेक्षाही जुनी आहे. जर्मनीतील मानहाइम शहरात १८६५ साली एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील वाफेचा बंब फुटला. त्या काळी असे स्फोट वारंवार होत. पण या स्फोटानंतर त्या प्रांतातील बंबमालकांनी सरकारी फर्मानाची वाट न पाहता दुसऱ्याच वर्षी स्वतःचे मंडळ स्थापन केले आणि जाणत्या अभियंत्यांकडून आपापले बंब ठराविक काळाने तपासून घेण्याचा प्रघात पाडला. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्यांची परीक्षा याच परंपरेतल्या संस्थांकडे गेली. आज जर्मनीत गाडीच्या मुदतबंद तपासणीचे नाव ज्या ‘ट्यूफ’ या अक्षरांशी एकरूप झाले आहे, त्यांचे मूळ या बंबतपासनीसांत आहे. इंग्लंडचा अनुभव निराळा, पण तितकाच बोधप्रद आहे. तेथे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकिर्दीत, १९६० साली, दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग तपासण्याची पद्धत सुरू झाली. नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की वयाची मर्यादा दुसऱ्याच वर्षी सातवर आणि १९६७ साली तीनवर आणावी लागली. ज्या गाड्या नापास झाल्या त्या काही ढकलत आणलेल्या नव्हत्या. त्या बऱ्यापैकी चालत आहेत असेच बहुतेक सर्व मालकांना वाटत होते. गाडी चालते याचा अर्थ ती ठीक आहे असा होत नाही, हा या प्रकरणातला मुख्य धडा होय.

तो धडा सर्वांत कठोरपणे शिकवणारा भाग म्हणजे ब्रेक. सुमारे १,२०० किलो वजनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा ती जवळजवळ ५०० मीटर खाली येते, आणि या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते ती १८ लिटर पाणी थंड असल्यापासून उकळी फुटेपर्यंत तापवण्यास पुरेशी असते. त्यातला काही वाटा हवेच्या विरोधात जातो, खालचा गिअर टाकला असेल तर काही इंजिन सोसते, आणि उरलेली सारी उष्णता तळहाताएवढ्या पॅडना व त्यांच्या डिस्कना पचवावी लागते. ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, आणि तेथे मालकाच्या उपेक्षेचा हिशेब निघतो. कारण ब्रेक ऑइलचा गुणधर्मच असा की ते हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट-४ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले म्हणजे तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, आणि डॉट-३ असेल तर १४० अंशांपर्यंत. एकदा नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पायाखालची पट्टी थेट तळाला जाते, कारण द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते. शहरातल्या सपाट रस्त्यावर, सिग्नल ते सिग्नल या प्रवासात, हा दोष कधीच प्रकट होत नाही. तो प्रकट होण्यासाठी घाट लागतो, आणि तेथे तो प्रकट झाल्यावर दुरुस्तीला अवकाश उरलेला नसतो. म्हणून ऑइल काळे पडो वा न पडो, सामान्यतः दोन वर्षांनी ते बदलण्याचा जो सल्ला दिला जातो, तो गॅरेजवाल्याच्या गल्ल्याची सोय म्हणून झिडकारू नये.

बॉनेट उघडल्यावर दिसणारी ब्रेक ऑइलची लहानशी पारदर्शक बाटली हीही एक उत्तम वार्ताहर आहे, पण तिची भाषा समजली पाहिजे. पॅड झिजून पातळ होऊ लागले म्हणजे त्यांना दाबणारे दट्टे पुढे सरकतात आणि त्यांच्यामागची जागा भरण्यासाठी बाटलीतील पातळी वरच्या खुणेकडून खालच्या खुणेकडे उतरत जाते. गळती नसता पातळी उतरलेली दिसली, तर पॅडची मुदत जवळ आली असे समजावे. पंपावरचा किंवा धुलाई केंद्रावरचा एखादा उत्साही पोरगा ‘साहेब, ऑइल कमी आहे’ म्हणून त्यात भर घालतो, तेव्हा सेवा केल्याच्या समजुतीने तो ही खूणच पुसून टाकत असतो. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण दहा मिलिमीटर असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा. तेवढ्यावर चालढकल केली तर पुढे पॅडचा पत्रा डिस्कवर घासू लागतो आणि थोडक्यात भागणारे काम डिस्कसकट अंगावर येते.

टायरांची गोष्ट महाराष्ट्रात समृद्धी महामार्गाने घरोघर पोचवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा खुला झाला, आणि पाठोपाठ टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. लोकांनी काँक्रीटच्या रस्त्याला दोष दिला. परिवहन खात्याने मात्र महामार्गाच्या प्रवेशस्थानी टायरांची तपासणी आरंभिली आणि गोटा झालेले टायर घेऊन आलेल्या गाड्या परत फिरवल्या. यातले शास्त्र अवघड नाही. १२० किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे सतरा फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरची कड एकदा दबते व एकदा फुगते. हवा कमी असेल तर ती अधिक दबते, अधिक दबली की अधिक तापते, आणि तासन्‌तास अखंड चालणाऱ्या सरळ रस्त्यावर तिला निवायला उसंतच मिळत नाही. गावातल्या खड्ड्यांतून तीस-चाळीसच्या वेगाने वर्षभर निमूटपणे साथ देणारा टायर येथे दोन तासांत हात टेकतो. रस्ता दोषी नसतो, त्याने केवळ जुना दोष उघड केलेला असतो.

टायर पारखण्यासाठी कोणत्याही विद्येची गरज नाही. नक्षीच्या खाचांमध्ये आडव्या बारीक उंचवट्या ठेवलेल्या असतात; नक्षी झिजत त्यांच्या पातळीला आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, आणि मोटारीच्या टायरची कायदेशीर मर्यादाही तीच आहे. कडेवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात: ३५१९ असे असले तर तो टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात घडलेला आहे. हा आकडा विशेषतः अशांनी पाहावा की ज्यांची गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघते आणि ‘टायर नवेच आहेत, चालतेच कुठे गाडी’ अशी ज्यांची समजूत असते. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते आणि कडेला पडलेल्या बारीक भेगा त्याची साक्ष देतात. हवेचा दाब किती असावा हे पंक्चरवाल्याला विचारू नये, चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेल्या पट्टीला विचारावे. आणि तो टायर थंड असताना मोजावा, कारण धावून आलेल्या टायरमधील हवा तापून फुगलेली असते व आकडा आहे त्यापेक्षा भारी दाखवते. नायट्रोजन भरला म्हणजे हे पाहण्यातून सुटका झाली, हाही एक गोड गैरसमज आहे.

याखेरीज एक तपासणी अशी आहे की जी गाडी उचलल्यावाचून होत नाही, आणि म्हणून ती जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. तो पुढचे चाक अधांतरी करतो, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हात धरून चाक आपल्याकडे ओढतो व ढकलतो; ‘टक्‌’ असा बारीक आवाज येऊन चाक किंचित हलले, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग सैल झाले आहे असे तो समजतो. मग हात नऊ आणि तीनच्या जागी नेऊन तोच प्रयोग करतो आणि स्टीअरिंगच्या सांध्यांची वार्ता घेतो. मग बॅटरी घेऊन टायरची आतली कड पाहतो, जी मालकाला एरवी कधीच दिसत नाही. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर बाहेरून नक्षीदार आणि आतल्या बोटभर पट्ट्यात पार तारा दिसेपर्यंत खाल्लेला, असा पुष्कळदा आढळतो. या साऱ्या खटाटोपाला पुरता अर्धा तासही लागत नाही, आणि खड्ड्यांनी गाजलेल्या आपल्या रस्त्यांवर निदान वर्षातून एकदा तो होणे अगत्याचे आहे.

आपल्याकडचा पावसाळा हा तर स्वतःच एक परीक्षक आहे. एप्रिल-मेच्या उन्हात वायपरचे रबर वाळून कडक होते, आणि पहिल्या सरीला ते काच पुसण्याऐवजी तिच्यावर रेघोट्या ओढते. काचेच्या पायथ्याशी साचलेला पालापाचोळा पाणी वाहून जाण्याच्या वाटा बुजवतो आणि ते पाणी आत, पायाखालच्या गालिच्यात व विजेच्या जोडण्यांत उतरते. दारांच्या तळाशी निचऱ्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने भरली की पत्रा आतून सडू लागतो. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत तर ही क्रिया फार त्वरेने होते, आणि रंगावर फुगा दिसेतो आतला पत्रा पापडाएवढा उरलेला असतो. मागचे ब्रेकचे दिवे लागतात की नाही, हे एकट्या माणसाला पाहता येत नाही अशी सबब सांगितली जाते. पण संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशात पाहावे, भिंतच उत्तर देते.

इंजिनाविषयी येथे थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण ते बिघडल्यावर गाडी थांबते व थांबलेली गाडी सहसा दुसऱ्याला मारत नाही. तरीही दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. कूलंटच्या जागी बोअरचे जड पाणी ओतण्याची सवय रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचे थर चढवते. आणि ज्या इंजिनांत साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो तेथे तो बेल्ट कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो, व पुष्कळ इंजिनांत त्याबरोबर व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट किती किलोमीटरवर बदलावा हे गाडीबरोबर मिळालेल्या, आणि बहुधा वेष्टनातून न काढलेल्या, पुस्तिकेत लिहिलेले असते.

येथे पीयूसीविषयीचा एक भ्रम दूर करणे इष्ट आहे. गाडीला एक वर्ष झाल्यानंतर हे प्रमाणपत्र घ्यावे लागते, भारत स्टेज-४ व त्यापुढील गाड्यांना ते वर्षभर पुरते, आणि ते नसल्यास कायद्याने १०,००० रुपयांपर्यंत दंड, इतकेच नव्हे तर कैदही होऊ शकते. म्हणून लोक ते काळजीपूर्वक काढतात आणि ते खिशात असले की गाडी तपासून झाली असे मानतात. वस्तुतः सायलेन्सरमध्ये घातलेली ती नळी धुराखेरीज कशाचीच खबर आणत नाही. ब्रेक निकामी असलेली गाडीही पीयूसी निर्वेधपणे मिळवू शकते. मात्र त्या कागदावर छापलेले आकडे वाचण्याची तसदी घेतली तर तो दंड टाळण्यापलीकडेही उपयोगी पडतो: पेट्रोलच्या अशा मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के असते, आणि गेल्या वर्षी मर्यादेच्या पुष्कळ खाली असलेला आकडा यंदा तिला भिडला असेल, तर पेट्रोल नीट जळत नाही, अर्थात पैसा धुरावाटे जात आहे, असा त्याचा अर्थ होतो.

आता राहिला तो सर्वांत मोठा आणि पुष्कळ अंशी रास्त आक्षेप. गाडी गॅरेजला नेली की मिस्त्री दहा दुखणी काढतो, सर्व्हिस सेंटरमध्ये न मागितलेल्या कामांची यादी फोनवर वाचून दाखवतात, आणि यंत्रातले काही कळत नसलेला मालक एकतर सगळ्याला मान डोलावतो किंवा चिडून पुन्हा तिकडे फिरकत नाही. यावर उपाय एकच, की विशेषण ऐकून घेऊ नये, आकडा मागावा. ‘पॅड संपत आलेत’ असे कोणी म्हटले तर किती मिलिमीटर उरले ते विचारावे. ‘टायर गेले’ म्हटले तर खाचेतील उंचवटी दाखवायला सांगावे. ‘बॅटरी उतरली’ म्हटले तर यंत्राने मोजलेला आकडा कागदावर मागावा. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत घ्यावा. प्रामाणिक कारागिराला या चौकशीचा राग येत नाही, किंबहुना जाणते गिऱ्हाईक भेटल्याचा त्याला संतोषच होतो. हे सारे आकडे तारीख आणि किलोमीटर घालून एका वहीत टिपून ठेवावेत. एकटा आकडा फारसे बोलत नाही, पण गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवला की पुढचा खर्च केव्हा येणार हे तो सांगू लागतो. शिवाय गाडी विकण्याची वेळ येते तेव्हा घेणाऱ्याच्या दृष्टीने या वहीचे मोल नव्या रंगापेक्षा अधिक असते.

या नेमणुकीचे काम फार नाही. महिन्यातून एकदा सकाळी, इंजिन थंड असताना, टायरांची व स्टेपनीची हवा, इंजिन ऑइलची पट्टी, कूलंटची व ब्रेक ऑइलची पातळी आणि सगळे दिवे पाहावेत; दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, यांतले जे आधी येईल तेव्हा, ब्रेक उघडून पाहावेत आणि गाडी वर उचलून चाकांचे सांधे तपासावेत; घाटाचा किंवा लांबचा प्रवास ठरला की निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर आठवडाभर आधी गॅरेज गाठावे, म्हणजे दोष सापडलाच तर तो काढायला वेळ राहील. तारखा लक्षात राहत नाहीत अशी ज्यांची तक्रार असेल त्यांच्यासाठी पंचांगाने दोन दिवस आयते नेमून दिले आहेत. मृग लागण्यापूर्वी वायपर, टायर आणि निचऱ्याची भोके पाहून घ्यावीत. आणि पाऊस ओसरल्यावर खंडेनवमी येते, तेव्हा गाडीच्या पोटाखाली काय काय सडले, सैल झाले याचा झाडा घ्यावा. शस्त्रे पुजण्याआधी ती घासूनपुसून त्यांची धार पाहण्याची रीत होती; मोटार पुजणाऱ्यांनीही त्या सकाळी आधी चारही टायरांच्या आतल्या कडा पाहाव्यात, ब्रेकचे आकडे वहीत तारखेसह लिहावेत, आणि मग झेंडूचा हार खुशाल घालावा.